पासपोर्ट, जन्मदाखला, परदेशी नागरिकांची नोंद: जिल्ह्यात एकच कार्यालय का नको?

माळावरचा_माणूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आईला बहिणीकडे मस्कतला पाठवायचं आहे. वय ६८, शाळा चौथीपर्यंत. आधारवर नाव ‘सुमनबाई’, पॅनवर ‘सुमन’. मतदार कार्डावर ‘सुमन’च, पण वडिलांच्या नावाला ‘राव’ चिकटलेलं. बँकेच्या पासबुकात वडिलांचं नावच नाही. पासपोर्ट केंद्रात ए काउंटरला फोटो, बोटांचे ठसे सगळं झालं. बी काउंटरवरच्या बाईंनी कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाल्या, “आधी हे एका नावावर आणा.” फाईल होल्डवर.

आधार केंद्रात गेलो. तो म्हणतो, नाव बदलायला पुरावा आणा. कोणकोणता चालेल? यादी दाखवली, तिच्यात पासपोर्ट होता.

आता मूळ मुद्दा. जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, डोमिसाईल तहसीलमध्ये, आधार एका बँकेच्या कोपऱ्यात, पासपोर्ट पोस्टाच्या मागच्या खोलीत, चौकशी पोलीस ठाण्यात. गावात कुणी परदेशी सून आली तर तिची नोंद आणखी तिसरीकडे. माणूस एक, जिल्हा एक, मग कार्यालय एक का नाही? कलेक्टर कचेरीत एक मजला द्या, सगळी कपाटं एकत्र आणा. ज्याला बघायचंय तो उठून बघेल. माझं काही चुकत असेल तर जाणकारांनी सांगावं. आईच्या फाईलचं काय करू तेही सांगावं.

खडीसाखर

आधारला पासपोर्ट पाहिजे आणि पासपोर्टला आधार पाहिजे. छान संसार चाललाय दोघांचा.

रोखठोक_रमा

एकच कार्यालय? म्हणजे आज पाच ठिकाणी थोडं थोडं अडतं, ते उद्या एकाच ठिकाणी पूर्ण अडेल. शिवाय त्या मजल्याबाहेर एजंटांची टपरी लागेल ती वेगळी.

निवृत्त_शिक्का

मी पासपोर्ट खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

धागाकर्त्याची कल्पना ऐकायला बरी वाटते, पण अडचण इमारतीची नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत नागरिकत्व आणि परदेशी व्यक्ती केंद्राच्या सूचीत १७ व्या क्रमांकावर आहेत, पासपोर्ट आणि व्हिसा १९ व्या. जन्ममृत्यू नोंदणी मात्र समवर्ती सूचीत, ३० व्या क्रमांकावर. म्हणजे पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाचा, नागरिकत्व आणि परदेशी लोक गृह मंत्रालयाचे, जन्मनोंद कायद्याने केंद्राची पण राबवायची राज्याने आणि प्रत्यक्ष लिहायची ग्रामसेवकाने. पोलीस राज्याचे. कलेक्टर कचेरीत मजला दिलात तरी त्या मजल्यावर चार वेगवेगळे साहेब बसतील आणि चौघांचे वरिष्ठ चार ठिकाणी असतील.

आता जुनी गोष्ट. पूर्वी अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या पासपोर्ट कक्षात द्यायचे, नाहीतर थेट प्रादेशिक कार्यालयात. कोल्हापूर, सांगलीची माणसं रात्रीच्या एसटीने पुण्याला यायची. पहाटे रांग लावायची आणि फोटोचा आकार चुकला म्हणून परत जायची. २०१० मध्ये बंगळूर आणि चंदीगडपासून पासपोर्ट सेवा प्रकल्प सुरू झाला. समोरचं काम, म्हणजे टोकन, स्कॅनिंग, फोटो, ठसे, हे टीसीएसच्या माणसांकडे गेलं. कागद तपासणं आणि मंजुरी सरकारी माणसाकडेच राहिली. ए, बी, सी अशी काउंटरं आहेत ती यामुळे. २०१७ पासून पोस्टातली केंद्रं आली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर अशी तीनच प्रादेशिक कार्यालयं असताना लोकांना घराजवळ काम होऊ लागलं ते या केंद्रांमुळे.

पण पोस्टातल्या केंद्राला दार आहे, अधिकार कमी. साधी फाईल असेल तर कळतही नाही. फाईल अडली की ती मागे प्रादेशिक कार्यालयात जाते आणि तुमच्यासमोर बसलेल्या माणसाला तुमच्याइतकंच माहीत असतं. ‘जवळ’ आणि ‘एकत्र’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे धाग्यात गृहीत धरा.

आईंच्या फाईलबद्दल वेगळा प्रतिसाद देतो.

खडीसाखर

“दार आहे, अधिकार कमी.” आमच्याकडे जावयाची हीच अवस्था आहे.

ग्रामपंचायतवाला

मी ग्रामसेवक. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच. ग्रामीण भागात जन्ममृत्यूचा निबंधक मीच असतो. शिक्का साहेबांनी वरची बाजू सांगितली, मी खालची सांगतो.

जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, आईबाप राहतात तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे पोराची नोंद आईच्या माहेरच्या गावात, नाहीतर तिथल्या तालुक्याच्या दवाखान्याजवळच्या नगरपालिकेत. अठरा वर्षांनी पोरगं माझ्यासमोर येऊन उभं राहतं, “दाखला द्या.” मी रजिस्टर उघडतो, नाही. “कुठे जन्मलास?” “माहीत नाही, मामाला विचारतो.” मामा म्हणतो दवाखाना बंद पडला.

दुसरं, दवाखाना बाळ घरी जायच्या आत फॉर्म भरून टाकतो. बारसं बाराव्या दिवशी. त्यामुळे रजिस्टरात बाळाच्या नावाचा रकाना कोरा. नाव पुढे घालता येतं, पहिल्या वर्षात फुकट, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण घालतंय कोण? शाळेत नाव लागलं की लोकांना वाटतं झालं काम. मग १६ व्या वर्षी पासपोर्टसाठी धावपळ आणि शिव्या मला.

आणि वर्षाच्या वर उशीर झालेली नोंद माझ्या हातात नाही. आधी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने ते जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. लोकांना वाटतं ग्रामसेवकाने मनात आणलं तर लिहून देईल. लिहून देऊन नोकरी घालवू का?

एक_जूनचा_राजा

ग्रामपंचायतवाले, आमच्या रजिस्टरचा प्रश्नच नाही. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहिली. माझी, भावाची, चुलत्याची, शेजाऱ्याची, सगळ्यांची १ जून. दरवर्षी त्या दिवशी फेसबुक बिचारं दमून जातं.

ग्रामपंचायतवाला

@एक_जूनचा_राजा, त्या तारखेने अख्ख्या महाराष्ट्राचं भलं केलंय. जून महिन्यात शाळा सुरू, सहा वर्षं पूर्ण दाखवायची, म्हणून १ जून. आता निवृत्तीही सगळ्यांची एकदमच, ३१ मे. कार्यालयात त्या दिवशी हार कमी पडतात.

रोखठोक_रमा

विषयांतर गोड आहे, पण शिक्का साहेबांनी एक गोष्ट टाळली. आमच्या शेजारच्या काकूंचं नाव आधारवर ‘बाई’सकट आणि पॅनवर ‘बाई’शिवाय. त्यांचा पासपोर्ट दुसऱ्या एका केंद्रात एका फटक्यात झाला. कायदा एक, नियमपुस्तक एक, मग एका टेबलावर होतं आणि दुसऱ्यावर होल्ड कसं? घटनेची सूची, समवर्ती वगैरे ठीक आहे हो. अडतं ते समोर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर.

निवृत्त_शिक्का

@रमाताई, टाळलं नाही. मंजुरी देणाऱ्याची नोंद त्याच्या लॉगिनवर कायम राहते. पाच वर्षांनी तो पासपोर्ट खोट्या नावाचा निघाला तर पहिली नोटीस त्यालाच येते. होल्डवर टाकल्याबद्दल मात्र कुणालाही कधी नोटीस आलेली मी पाहिली नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवा म्हणजे नवीन अधिकारी होल्ड का टाकतो आणि मुरलेला अधिकारी का सोडतो ते कळेल. मर्जी आहेच, पण ती लाच खाण्याची असतेच असं नाही, बहुतेक वेळा भीतीची असते.

रोखठोक_रमा

भीती त्याची, पण रजा आणि रिक्षाभाडं माझं. हे समर्थन झालं नाही.

बर्लिनचा_बाळू

एकाच कार्यालयाचा प्रयोग आमच्याकडे नुकताच झालाय, म्हणून लिहितो.

बर्लिनमध्ये १२ प्रभाग आहेत आणि जर्मन नागरिकत्वाचे अर्ज त्या त्या प्रभागाकडे जायचे. एका प्रभागात वर्षात काम, दुसऱ्यात अर्जाची पोचसुद्धा नाही. लोक घर बदलताना शाळा कुठली आहे ते बघतात, इथे नागरिकत्वाचा टेबल कुठला मिळेल ते बघायचे. १ जानेवारी २०२४ पासून सगळ्या बाराही प्रभागांचं काम काढून ‘लांडेसआम्ट फ्युअर आइनवांडरुंग’, म्हणजे राज्याचं स्थलांतर कार्यालय, याच्याकडे दिलं. अर्ज ऑनलाइन. फी २५५ युरो.

झालं काय? नव्या कार्यालयाला पहिल्याच दिवशी बारा ठिकाणच्या जुन्या कागदी फायलींचा वारसा मिळाला. वर जून २०२४ मध्ये कायदा बदलला. आठाऐवजी पाच वर्षांत नागरिकत्व, आणि जुनं सोडायची अट गेली. अर्जांचा पूर आला. ऑनलाइन अर्ज केलेल्या नव्या माणसाचं काम लवकर झालं आणि जुन्या प्रभागात आधी अर्ज केलेला बसून राहिला, अशी उदाहरणं माझ्याच ऑफिसात आहेत. कंटाळून लोक कोर्टात जातात. इथे तीन महिन्यांत कार्यालयाने काहीच निर्णय दिला नाही तर ‘निष्क्रियतेचा’ दावा लावता येतो. दावा लागला की फाईल सापडते.

पण एक कबूल करायला हवं. आता निदान नियम बाराही भागांत एकसारखा लागतो. रमाताईंची ‘या टेबलावर होतं, त्या टेबलावर नाही’ ही तक्रार तिथे बरीच कमी झाली. रांग संपली नाही, पण एकच झाली.

खडीसाखर

दावा लागला की फाईल सापडते, हे जर्मनीत जाऊन कळलं होय बाळू?

सातासमुद्रापार

बाळू, तू जर्मन झालास तर भारतीय पासपोर्टचं काय?

बर्लिनचा_बाळू

जातो. जर्मनीने दुहेरी चालेल म्हटलं, भारताने नाही म्हटलं. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम. दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय आपोआप संपतं. मग वकिलातीत पासपोर्ट जमा करायचा, त्याचं सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि ओसीआयला (भारतीय वंशाच्या किंवा भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) अर्ज करायचा. म्हणून मी अजून घेतलेलं नाही. ३३ प्रश्नांची परीक्षा पास झालोय (१७ बरोबर लागतात), पण अर्जाच्या बटणावर बोट जात नाही. आई म्हणते, मतदान कुठे करणार रे तू?

मांडवीचो_वारो

सरेंडर सर्टिफिकेटचा विषय निघालाच आहे तर आमच्या गोव्याचं ऐका. धागाकर्त्याला वाटतंय त्याच्या जिल्ह्यात पाच टेबलं आहेत. आमचं सहावं टेबल लिस्बनला आहे.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज. त्याची मुलं, नातवंडंसुद्धा हक्क सांगू शकतात. भारताच्या लेखी १९६२ च्या आदेशाने तीच माणसं २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय. एकाच आजोबांच्या जन्माची नोंद दोन देश आपापल्या बाजूने वाचतात. जन्म तिकडे नोंदवायचा तर आजोबांचा मूळ दाखला तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रीतून काढायचा. पोर्तुगीजमध्ये लिहिलेली जुनी बुकं, बांधणी सुटलेली, शाई तपकिरी झालेली. त्यात माझ्या आजोबांच्या आडनावाची एकाच पानावर दोन रूपं आहेत. मग ते लिस्बनला मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जातं. मधल्या वकिलाची फी विचारू नका.

खरी पंचाईत नंतरची. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, भारतीय जमा करायला गेला. नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकानंतर असं होऊ लागलं की ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून पासपोर्ट रद्दच करायचे. हातात सरेंडर सर्टिफिकेट नाही, रद्द केल्याचा कागद. आणि ओसीआयला लागतं सरेंडर सर्टिफिकेट! माणूस ना इकडचा ना तिकडचा. लंडनला राबणारा पोरगा म्हाताऱ्या आईला भेटायला साध्या व्हिसावर यायचा. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की जुन्या पोर्तुगीज प्रदेशातल्यांना रद्द केल्याचा कागदही ओसीआयसाठी चालेल. तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

यात आमच्या पणजीच्या टेबलावरच्या माणसाच्या हातात काय होतं? काही नाही. दिल्लीचा एक कागद आला की गाडी थांबली, दुसरा आला की सुटली. म्हणून मला एकच कार्यालय नको. मला असा स्थानिक अधिकारी पाहिजे ज्याला दिल्लीला उलट लिहिता येईल की साहेब, तुमच्या परिपत्रकाने इथे काय झालंय बघा.

निवृत्त_शिक्का

@मांडवीचो_वारो, लिहितात हो. उत्तर यायला वेळ लागतो इतकंच.

पिंपरीकर

परदेशी नागरिकांचं इथे कुणी बोललं नाही. आमच्या पिंपरीत सिंधी वस्ती मोठी आहे. फाळणीनंतरच नाही, अगदी अलीकडेही पाकिस्तानातून आलेली हिंदू कुटुंबं आहेत. वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात, पोलीस आयुक्तालयाच्या परदेशी नागरिक शाखेत जाऊन मुदत वाढवतात. नागरिकत्वाचा अर्ज कलेक्टरकडे द्यायचा, तो मुंबईमार्गे दिल्लीला जायचा, तिथून गुप्तवार्ता विभागाकडे, आणि परत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने सात राज्यांतल्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांवर थेट निर्णयाचे अधिकार दिले. महाराष्ट्रातले चार जिल्हे होते, मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर. पिंपरी, उल्हासनगर, जरीपटका, सगळी सिंधी वस्ती त्यात आली.

आमच्या दुकानाशेजारी एक काका आहेत. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र कलेक्टर कचेरीत छोट्या कार्यक्रमात मिळालं. घरी आल्यावर त्यांनी ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग लगेच विचारलं, “आता गाळा माझ्या नावावर घेता येईल ना?” धागाकर्ते, तुमचं ‘जिल्ह्यात निर्णय’ म्हणतात ते हेच. कपाटं एकत्र नाही आणली, सहीचा अधिकार खाली आणला. काम हललं.

तिरकस_तात्या

काम हललं पण कुणासाठी? त्या अधिसूचनेत सहाच धर्म होते. मग सीएए आला…

संपादक_मंडळ

तात्या, सीएएसाठी वेगळा धागा आहे, तिकडे ५०० प्रतिसाद झालेत, तुमचेच त्यात निम्मे असावेत. इथे कार्यालयं आणि कामकाज एवढंच. यापुढचे प्रतिसाद हलवले जातील.

तिरकस_तात्या

निम्मे नाहीत, एक तृतीयांश. बरं, गप्प बसतो.

इटालियन_जावयाची_बायको

पिंपरीकर म्हणतात त्याच परदेशी शाखेचा माझाही अनुभव आहे. नवरा इटालियन, आम्ही पुण्यात. लोकांना वाटतं त्रास सरकारी कार्यालयात असेल. २०१८ पासून ई-एफआरआरओ आहे, नोंदणी, मुदतवाढ सगळं घरबसल्या. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलं की १४ दिवसांत नोंद करायची. कागद बरोबर असतील तर होतं.

त्रास आहे घरमालकांचा. परदेशी माणूस घरात ठेवला की २४ तासांत त्याची माहिती कळवायची असते, हॉटेलने तशी घरमालकानेही. हे ऐकलं की घरमालकाचा चेहरा पडतो. एका सोसायटीच्या चेअरमन काकांनी तर विचारलं, “पण तो पळून गेला तर जबाबदारी माझी का?” मी म्हटलं, काका, मी लग्न केलंय त्याच्याशी, पळून गेला तर आधी मी शोधेन.

लग्न नोंदवून दोन वर्षं झाल्यावर ओसीआयचा अर्ज केला. कार्ड आलं, नोंदणीची कटकट संपली. आता तो रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडतो. शेतजमीन घेता येत नाही आणि मत देता येत नाही, एवढं सोडलं तर तो आता पूर्ण पुणेकर आहे.

खडीसाखर

एक ते चार झोपतो का? मग पूर्ण.

रोखठोक_रमा

जावई बायकोंच्या अनुभवात एक गोम आहे. जिथे समोर माणूसच नाही तिथे काम नीट झालं. म्हणजे धागाकर्त्याने एक मजला मागण्याऐवजी शून्य मजले मागावेत.

ग्रामपंचायतवाला

रमाताई, ऑनलाइनला आत टाकायला जे लागतं ते बरोबर असेल तर. जावयाच्या बाबतीत इटलीतला जन्मदाखला बरोबर होता म्हणून झालं. धागाकर्त्याच्या आईचं नाव पाच जणांनी पाच वेळा ऐकून लिहिलंय. मतदार यादीवाल्याने घरी येऊन ऐकलं, आधारवाल्याने शिबिरात ऐकलं, बँकेने जनधनच्या गर्दीत ऐकलं. ‘बाई’ म्हणजे नाव की मान, हे यंत्राला कसं कळणार? माझ्याकडे ज्ञानेश्वर नावाचे दोन सख्खे चुलतभाऊ आहेत, एकाचं इंग्रजी स्पेलिंग ‘डी’ने सुरू होतं, दुसऱ्याचं ‘जी’ने. दोघेही दुबईला. दोघांनाही एकमेकांची पत्रं येतात.

आमच्या तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुकं आहेत, गाव नमुना १४. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये ती सगळी बाहेर काढली, मोडी वाचणारे आणले, स्कॅन केली. तेव्हा पहिल्यांदा आमच्या गावातल्या शंभर वर्षांच्या जन्माच्या नोंदी कुणीतरी सलग वाचल्या. रस्त्यावर माणसं उतरली म्हणून ते झालं. एरवी त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे हेही माहीत नव्हतं. खर्च करायचाच असेल तर मजल्यावर नको, त्या खोलीवर करा.

सातासमुद्रापार

+१. आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालणार. म्हणजे ग्रामपंचायतवाल्यांच्या कोऱ्या रकान्याची किंमत पुढे आणखी वाढणार. ज्यांच्या घरी लहान बाळं आहेत त्यांनी आजच नाव घालून घ्या.

नाशिकरोड

कुणीही आमचा उल्लेख केला नाही म्हणून निषेध. तुमचे सगळे पासपोर्ट आमच्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. कोरी पुस्तिका एकदम निर्दोष निघते. बिघडतं ते तुम्ही त्यात नाव घालता तेव्हा.

पिंपरीकर

नवीन चिपवाला पासपोर्ट पण तिथेच का?

नाशिकरोड

होय. एप्रिल २०२४ मध्ये पथदर्शी म्हणून नागपूर आणि भुवनेश्वरला आधी दिले. मुखपृष्ठावर खाली सोनेरी रंगाचं छोटं चिन्ह असतं. चिपमध्येही ‘सुमनबाई’च जाईल, काळजी नसावी.

निवृत्त_शिक्का

आता आईंच्या फाईलबद्दल. उशीर झाला, नातवाची परीक्षा होती.

१. अर्जात दोन वेगळे प्रश्न असतात. ‘तुम्ही दुसऱ्या नावाने ओळखले जाता का’ हा एक, आणि ‘तुम्ही कधी नाव बदललं आहे का’ हा दुसरा. सायबर कॅफेवाला सरसकट दुसऱ्याला ‘होय’ करून ठेवतो. तसं केलं की राजपत्रातली प्रसिद्धी मागतात. तुमच्या आईने नाव बदललेलं नाही. ‘सुमनबाई’ हे ओळखीचं नाव म्हणून पहिल्या प्रश्नात दाखवा.

२. आधी आधार दुरुस्त करा. पासपोर्टशिवाय इतर पुरावेही चालतात. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचं, फोटो लावलेलं, ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळतं. पॅनकार्डही न्या. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग घरी कागदावर लिहून, पॅनशी अक्षर न् अक्षर ताडून मगच जा.

३. बँकेचं पासबुक दाखवूच नका. मागितलं नाही तो कागद पुढे करायचा नसतो. लोक पिशवीभर कागद आणतात आणि त्या पिशवीतलाच एखादा त्यांना अडवतो.

४. चौथी शिकल्या म्हणून ईसीआरचा (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, असा) शिक्का बसेल अशी भीती असेल तर सोडा. पन्नाशीपुढच्यांना तो लागत नाही. आणि तो नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या बाबतीत बघतात, मस्कतला लेकीकडे जाणाऱ्यांच्या नाही.

५. फी भरल्यापासून वर्षभर अर्ज जिवंत असतो. पुन्हा फी भरायला सांगणारा एजंट असेल तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

रोखठोक_रमा

तिसरा मुद्दा सोन्याने मढवण्यासारखा आहे. साहेब, हे तुम्ही नोकरीत असताना काउंटरवर कुणाला सांगायचात का?

निवृत्त_शिक्का

काउंटरवर मागे रांग असते, रमाताई. आता रांग नाही.

माळावरचा_माणूस

सर्वांचे आभार. धागा इतका वाढेल असं वाटलं नव्हतं. पंधरवड्यानंतरची खबर अशी:

आधार दुरुस्त झालं. प्रमाणपत्रावर सही आमच्या तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिली. त्यांनी आईला विचारलं, “आजी, नाव काय?” आई म्हणाली, “सुमनबाई.” मी मागून डोळे वटारले. मग म्हणाली, “सुमन, सुमन. बाई लोक म्हणतात.” डॉक्टर हसले आणि सही केली. केंद्रात या वेळी दुसरे अधिकारी होते, त्यांनी दुसऱ्या नावाचा रकाना वाचला, मान हलवली, पुढे पाठवलं. फाईल मंजूर, पोलीस चौकशी बाकी.

मूळ मुद्द्यावर माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. बाळू आणि गोव्याच्या प्रतिसादांनंतर सगळं एकाच छपराखाली आणा असा हट्ट सोडतो. पण पिंपरीकरांनी सांगितलं तसा सहीचा अधिकार खाली यायला हवा, हे अजून म्हणतोच. आपलं डोमिसाईल बघा, त्याचं पूर्ण नाव वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र. तहसीलदार माझं राष्ट्रीयत्व लिहून देऊ शकतो, पण माझ्या आईच्या नावातलं ‘बाई’ काढायला पोस्टातल्या केंद्राला प्रादेशिक कार्यालयाला विचारावं लागतं, हे मला पटत नाही.

ग्रामपंचायतवाला

तहसीलदार ते राष्ट्रीयत्व कशावरून लिहितो? माझ्या दाखल्यावरून आणि शाळेच्या दाखल्यावरून. म्हणजे गुरुजी आणि मी.

एक_जूनचा_राजा

म्हणजे माझं राष्ट्रीयत्व १ जूनपासून.

निवृत्त_शिक्का

अभिनंदन. पोलीस चौकशीबद्दल एक सूचना. ठाण्याने २१ दिवसांत अहवाल दिला तर राज्याला केंद्राकडून त्यामागे पूर्ण १५० रुपये मिळतात, उशीर झाला तर कमी, तेव्हा आता ते बऱ्यापैकी लवकर येतात. ओळखीचे दोन शेजारी सांगून ठेवा आणि आईंना घरीच राहू द्या. ‘दिलेल्या पत्त्यावर आढळल्या नाहीत’ असा अहवाल गेला की तो निस्तरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

माळावरचा_माणूस

साहेब, ती कालच दिंडीबरोबर आळंदीला निघालीय.

खडीसाखर

फोन लावा!

माळावरचा_माणूस

लावला. म्हणते, पोलिसाला सांग एकादशीनंतर ये.